पायाचं काम अंगठ्याकडे

या वेळच्या टपालात तीन पत्रं एकाच वळणाची निघाली. अपघात झाला, हाड जुळलं, आता गाडीवर परत बसायचं आहे, तर गाडीत काय बदल करावेत? तिघांची दुखापत वेगळी, गाडी वेगळी, पण उत्तराचं सूत्र एकच. म्हणून टायर, मायलेज आणि इंजिन ऑइलचे प्रश्न पुढच्या खेपेला घेऊ.

प्रश्न : रेसिंग बघताना काही चालकांच्या डाव्या मुठीजवळ क्लचशिवाय आणखी एक छोटी पट्टी दिसते. तो अंगठ्याने लावायचा मागचा ब्रेक असतो आणि मुळात पाय मोडलेल्या एका चालकासाठी तो बनवला होता, असं मित्र म्हणाला. हे खरं का? विचारण्याचं कारण असं, की गेल्या पावसाळ्यात गाडी घसरून माझा उजवा घोटा मोडला. आत प्लेट आणि स्क्रू आहेत. चालतो व्यवस्थित, पण पंजा पूर्वीइतका वर-खाली होत नाही. माझी १५० सीसीची गाडी तेव्हापासून उभीच आहे. मला असा ब्रेक बसवता येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मित्राची माहिती पक्की आहे. तो चालक म्हणजे ऑस्ट्रेलियाचा मिक डूहान. १९९२ च्या हंगामात ५०० सीसी गटात होंडावर बसून तो सगळ्यांच्या पुढे होता. जूनमध्ये नेदरलँड्समधल्या आसेनच्या ट्रॅकवर पडला आणि उजव्या पायाची नडगी मोडली. रेसिंगवाल्यांना हाड मोडण्याचं फारसं अप्रूप नसतं. खरं बिघडलं ते शस्त्रक्रियेनंतर. पायाचा रक्तपुरवठा ढासळला आणि पाय कापावा लागतो की काय, इथवर वेळ आली. शर्यतींबरोबर फिरता दवाखाना चालवणारे इटालियन डॉक्टर क्लाउदिओ कोस्ता त्याला इटलीला घेऊन गेले. धडधाकट डाव्या पायाचं रक्त उजव्याला मिळावं म्हणून त्यांनी चक्क दोन्ही पाय एकमेकांना शिवले. पाय वाचला. हंगामाच्या शेवटच्या दोन शर्यतींना, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेला, डूहान लंगडत परतला आणि वेन रेनीसमोर अवघ्या ४ गुणांनी विजेतेपद हुकलं.

पाय वाचला तरी घोटा मात्र आखडून बसला. उजव्या वळणावर गाडी आडवी झाली की त्या पावलाने मागच्या ब्रेकचं पेडल दाबणं त्याला जमेना. १९९३ मध्ये होंडाच्या तंत्रज्ञांनी डाव्या मुठीखाली अंगठ्याने ढकलायची एक पट्टी बसवली आणि तिच्यातून मागच्या डिस्कला तेलाचा दाब दिला. पायाचं काम अंगठ्याकडे गेलं. त्यानंतर १९९४ ते १९९८ अशी सलग पाच वर्षं जगज्जेतेपद त्याच्याकडेच राहिलं.

आता तुम्हाला टीव्हीवर दिसणारे बहुतेक चालक दोन्ही पायांनी ठणठणीत आहेत. तरी ते ही पट्टी वापरतात, कारण गाडी उजवीकडे पूर्ण झुकली की पाऊल आणि जमीन यांच्यात जागाच उरत नाही आणि चांगल्या पायालाही पेडल सापडत नाही. लंगड्या पायासाठी काढलेली सोय धडधाकटांनी उचलली ती अशी.

आता तुमच्याकडे वळू. मोटारसायकल चारही अवयवांना वेगवेगळं काम वाटून देते. उजव्या हाताकडे एक्सलरेटर आणि पुढचा ब्रेक, डाव्या हाताकडे क्लच, डाव्या पायाकडे गियर, उजव्या पायाकडे मागचा ब्रेक. शिवाय गाडी थांबली की तोल सांभाळण्याचं काम पायांचं. अपघातानंतर विचारायचा प्रश्न एवढाच, की यातलं नेमकं कोणतं काम अडतंय आणि किती? जे अडतंय तेवढंच सोपं करायचं. सोपं करूनही जमत नसेल तरच ते दुसऱ्या अवयवाकडे द्यायचं. डूहानचं पेडलचं काम अजिबात जमत नव्हतं, म्हणून ते हलवावं लागलं. तुमचं तसं दिसत नाही.

घोटा आखडलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला ब्रेक दाबता येणार नाही. प्रत्यक्षात दाबणं बहुधा जमतं, कारण जोर मांडी आणि गुडघ्यातूनही लावता येतो. अडतं ते पंजा उचलून धरणं. पेडल फुटरेस्टपेक्षा उंच असेल आणि पंजा पुरेसा वर येत नसेल, तर पाऊल नकळत पेडलवर टेकून राहतं. ब्रेक सतत किंचित लागलेला, मागचा दिवा सतत पेटलेला, ड्रम तापलेला आणि मागच्या गाडीवाल्याला तुम्ही खरोखर कधी ब्रेक लावता याचा पत्ता नाही. याला अंगठ्याचा ब्रेक नको, दोन पाने पुरतात.

गाडी मेन स्टँडवर घ्या. जे बूट घालून चालवणार तेच पायात घाला, सीटवर बसा आणि पावलं फुटरेस्टवर ठेवा. पाऊल आरामात असताना पंजाचा तळवा पेडलच्या जरासा वर राहतो का, हे दुसऱ्या कोणाला बाजूने बघायला सांगा. टेकत असेल तर पेडलची उंची कमी करायची. ड्रम ब्रेकच्या बहुतेक गाड्यांना पेडल वर कुठे थांबावं हे ठरवणारा एक बोल्ट असतो. तो फिरवला की पेडल खाली येतं. मग मागच्या चाकाशी रॉडच्या टोकाला असलेल्या नटाने ब्रेकची ढील पुन्हा जमवायची. डिस्क असेल तर हे काम मास्टर सिलिंडरच्या दांडीवर होतं आणि ते मेकॅनिकनेच करावं. या सगळ्यात एक गोष्ट हटकून विसरली जाते, ती म्हणजे ब्रेकच्या दिव्याचा स्विच. पेडल खाली आलं की स्विचची जागाही बदलावी लागते, नाहीतर दिवा कायम पेटून राहतो किंवा पेटतच नाही. काम झाल्यावर चाक हाताने फिरवून बघा. ते मोकळं फिरलं पाहिजे, पेडलवर बोटाचा जोर दिला की दिवा लागला पाहिजे, आणखी दाबलं की चाक अडलं पाहिजे.

मग अंगठ्याचा ब्रेक अजिबात नको का? रस्त्यावरच्या गाडीच्या डाव्या अंगठ्याकडे आधीच हॉर्न, इंडिकेटर आणि डिपर आहे. आपल्याकडे हॉर्नचा अंगठा किती व्यग्र असतो हे सांगायला नको. त्याच अंगठ्याला घाईत हॉर्न आणि ब्रेक यांतून निवड करायला लावणं धोक्याचं. ट्रॅकवर हॉर्न नाही, समोरून एसटी नाही, खडी नाही. डूहानच्या गोष्टीतून पट्टी उचलू नका, विचार करण्याची रीत उचला.

आता सुरुवात कधी करायची? एक्स-रेत हाड जुळलेलं दिसणं ही पहिली पायरी झाली. २००३ साली न्यूयॉर्कच्या अस्थिशल्यविशारदांनी उजव्या घोट्याची शस्त्रक्रिया झालेल्यांची मोटारच्या ब्रेकवर चाचणी घेतली होती. ब्रेक दाबायला लागणारा वेळ पूर्ववत व्हायला शस्त्रक्रियेनंतर ९ आठवडे लागले. तो मोटारीचा हिशेब, बसल्या जागी पाय हलवण्याचा. दुचाकीवर त्याच पायाला वेळप्रसंगी गाडीचं वजनही पेलावं लागतं, म्हणून तो आकडा कमीत कमी समजा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागला तर ८ मीटर आधीच गेले, म्हणजे जवळजवळ दोन मोटारींची लांबी.

घोट्याची प्रगती घरी मोजता येते. भिंतीकडे तोंड करून उभे राहा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला की पाऊल थोडं मागे घ्या, पुन्हा टेकवा. टाच उचलल्याशिवाय टेकेनासा झाला की थांबा आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. दोन्ही पायांचं मोजून वहीत लिहा. फरक कमी होत असेल तर व्यायाम लागू पडतोय. बरेच आठवडे तो तिथेच अडला असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. पेडलची उंची शेवटची ठरवायची तीही हे अंतर स्थिर झाल्यावर.

घाईचं काय होतं, हेही रेसिंगनेच दाखवलंय. जुलै २०२० मध्ये स्पेनमधल्या हेरेझला मार्क मार्केझचा उजवा दंड मोडला. प्लेट बसवून चारच दिवसांत तो पुन्हा गाडीवर चढला आणि त्याच दिवशी माघार घ्यावी लागली. आठवडाभरात घरी दार सरकवताना प्लेट मोडली, दुसरी शस्त्रक्रिया झाली. डिसेंबरमध्ये तिसरी, तेव्हा हाडात जंतुसंसर्ग सापडला. हाड वाकडं फिरून जुळलं होतं, ते सरळ करायला २०२२ मध्ये अमेरिकेत चौथी. पुन्हा जगज्जेता व्हायला २०२५ उजाडलं. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असलेल्याची ही गत, तर तुम्ही-आम्ही डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेच्या आधी चावी शोधूच नये.

आणि गाडीही पडली होती, हे विसरू नका. शॉकअपचे पाइप वाकलेत का, कोनसेट अडखळतो का, चाक आउट आहे का, फुटरेस्ट आणि पेडल मूळ जागी आहेत का, हे सगळं तपासून घ्या. पावसाळ्यापासून उभी आहे म्हणजे बॅटरी, टायरची हवा आणि ब्रेक ऑइलही बघायला हवं. अपघातात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चांगलं दिसत असलं तरी बदला. आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही.

प्रश्न : मी ३५० सीसीची गाडी चालवते. डाव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर निघून दोन महिने झाले. शहरातल्या गर्दीत अर्ध्या तासात हात भरून येतो, मूठ सैल पडते. घरचे म्हणतात, सोड ती गाडी आणि स्कूटी घे. स्कूटीने प्रश्न सुटेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अर्धा सुटेल. स्कूटरला क्लच नाही हे खरं, पण डाव्या हाताची सुटका नाही. मोटारसायकलचा उजव्या पायाचा ब्रेक स्कूटरवर डाव्या हाताकडे येतो. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा किंवा एबीएस सक्तीचं आहे, आणि पुष्कळशा स्कूटरवर ती एकत्र यंत्रणा डाव्याच दांडीवर असते. म्हणजे आणीबाणीत जी दांडी दाबायची ती तुमच्या दुखऱ्या हाताखाली. फरक इतकाच, की क्लच दिवसभर पुन्हा पुन्हा दाबावा लागतो आणि ब्रेक मोजक्या वेळा. तुमचा हात थकतो म्हणता, त्याला स्कूटरने आराम पडेल. पण जोरच कमी पडत असेल तर तो कमीपणा स्कूटरवर नेमक्या वाईट क्षणी उघडा पडेल. तेव्हा आधी हे दोन वेगळे करा. एकदा कचकन मूठ आवळता येते का? आणि आवळलेली मूठ किती वेळ टिकते? पहिलं जमत नसेल तर स्कूटरसुद्धा अजून नको.

पहिलं जमतंय आणि दुसरं नाही, असं धरून पुढचं सांगते. गाडी विकण्याआधी क्लचची केबल बघा. केबल जुनी झाली, आतल्या तारा सुटल्या किंवा केबल कुठे तीव्र वळली असली की क्लच इतका हळूहळू जड होत जातो, की रोज चालवणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. नवी केबल टाकून ती मोकळ्या वळणाने नेली आणि दांडीच्या खिळ्याला ग्रीस दिलं, एवढ्यानेही फरक कळतो. मग दांडीचं अंतर. हात लहान असेल किंवा बोटं पूर्ण उघडत नसतील तर मुठीपासून दूर असलेली दांडी बोटांच्या टोकांनी ओढावी लागते आणि सगळा ताण मनगटावर येतो. अंतर कमी-जास्त करता येणाऱ्या दांड्या मिळतात. दांडी इतकी जवळ आणा, की बोटांचं मधलं पेर तिच्यावर बसेल. दांडीचा तिरपेपणाही जमवा. सीटवर बसून हात सरळ पुढे केला की कोपरापासून बोटांपर्यंत एक रेघ दिसली पाहिजे. दांडी आडवी असली की मनगट वर मोडतं, आणि तुमचं मनगट एकदा मोडून झालंय.

हँडल थोडं उंच आणि मागे आणणारे रायझर बसवले तर ब्रेक लावताना अंगाचा भार हातांवर कमी येतो. मात्र ते बसवल्यावर हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा. क्लच-केबल, एक्सलरेटरची तार किंवा ब्रेकची नळी ताणली जात असेल तर रायझर उंच झाले. इंजिन चालू ठेवून हँडल फिरवा. इंजिनचा आवाज आपोआप वाढला तर तार ताणली जातेय, तशी गाडी रस्त्यावर काढू नका.

चालवण्याची सवयही बदला. सिग्नलला पहिला गियर टाकून क्लच दाबून उभं राहायची आपल्याकडे खोडच आहे. न्यूट्रल करा, मूठ उघडा, बोटं हलवा. रांगेत वीतभर पुढे सरकण्याचा मोह टाळला की क्लच निम्म्याने कमी लागतो.

पुढे गाडी बदलायचीच झाली तर क्लचचं काम काढून घेणाऱ्या किंवा हलकं करणाऱ्या गाड्या आता आहेत. असिस्ट-स्लिपर क्लचची दांडी हलकी असते. तो रॉयल एनफिल्डच्या ६५० सीसी गाड्यांना आहे, हिमालयन ४५० ला आहे आणि इतर कंपन्यांच्या कितीतरी गाड्यांना आहे. होंडाने २०१० मध्ये व्हीएफआर १२०० वर दुहेरी क्लचचा आपोआप चालणारा गियरबॉक्स आणला, त्यात क्लचची दांडीच नाही. त्याच कंपनीची ई-क्लचवाली सीबी ६५० आर २०२५ मध्ये भारतात आली. तिला दांडी आहे, पण दाबावी लागत नाही. या गाड्या महाग आणि वजनदार आहेत हे खरं. म्हणून आधी केबल बदला, महिनाभर मनगटाचे व्यायाम करा आणि मग शोरूमची पायरी चढा.

घरच्यांना स्कूटी सुचवावीशी वाटते त्यामागे काळजी आहे, आणि थोडी जुनी समजूतही, की बाईला हीच गाडी बरी. काळजीचं उत्तर द्या. रिकाम्या मैदानात त्यांना सोबत न्या, ताशी ३० च्या वेगावरून पूर्ण ब्रेक लावून दाखवा, तेही दहा-पंधरा वेळा. शेवटच्या खेपेला मूठ पहिल्या खेपेइतकीच घट्ट असेल तर वाद संपला. नसेल तर घरच्यांचं तेवढ्यापुरतं बरोबर आहे, आणि आणखी महिनाभर थांबायचं.

प्रश्न : माझ्या मुलाचा डावा पाय अपघातात गुडघ्याखाली काढावा लागला. कृत्रिम पायावर तो चालतो, नोकरीला जातो. आता पुन्हा मोटारसायकल चालवायची म्हणतो. गियर कसे टाकणार? गाडीत बदल केले तर आरटीओची अडचण येते का? त्याच्या आईचा सक्त विरोध आहे आणि मला काहीच ठरवता येत नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी हे सांगते, की तुमच्या मुलाची इच्छा वेडेपणाची नाही. ऑस्ट्रेलियाच्या ॲलन केम्पस्टरचा उजवा हात आणि उजवा पाय दोन्ही गेले होते. त्याने सगळी नियंत्रणं डावीकडे घेतली, रेसिंग केलं आणि गाडीवर नंबर लावला ½. ज्या वेन रेनीने १९९२ मध्ये डूहानला ४ गुणांनी मागे टाकलं, तो वर्षभराने इटलीतल्या मिसानोला पडला आणि छातीखाली लुळा झाला. २०१९ मध्ये, २६ वर्षांनी, जपानमधल्या सुझुकाच्या ट्रॅकवर त्याने पुन्हा यामाहा चालवली. गियरचं काम हाताकडे दिलेलं होतं, आणि सुटताना-थांबताना गाडी धरायला माणसं होती.

ते शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. ट्रॅकवर गाडी धरायला माणसं असतात, कोल्हापूरच्या सिग्नलला नसतात. म्हणून रस्त्यासाठी हिशेब वेगळा करावा लागतो. तुमच्या मुलाचा गुडघा शाबूत आहे, ही मोठी जमेची बाजू. डाव्या पायाकडे दोन कामं आहेत, गियर टाकणं आणि थांबल्यावर टेकणं.

गियरचं काम त्यातल्या त्यात सोपं. आपल्या साध्या, रोजच्या वापराच्या गाड्यांना पुढे-मागे दोन्ही बाजूंनी दाबायची, टाच-पंजाची गियरची दांडी असते. स्पोर्ट्स गाड्यांना ती नसते. तिथे पंजा दांडीखाली घालून वर उचलावा लागतो आणि कृत्रिम पायाला नेमकं तेच जमत नाही. टाच-पंजाच्या दांडीला मात्र फक्त वरून दाब लागतो, आणि तो गुडघा आणि मांडीतून देता येतो. गियर पडला की नाही हे पावलाला कळणार नाही, कारण पाऊल बधिर. ते इंजिनच्या आवाजावरून आणि गियर दाखवणाऱ्या आकड्यावरून ओळखायचं. हीही सवय होते.

कोणीतरी तुम्हाला जुनी बुलेट सुचवेल, कारण तिचा गियर उजव्या पायाला असतो. मोह होईल, पण लक्षात घ्या, तिचा मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो. गियर हे टाकला किंवा नाही टाकला असं दोन टोकांचं काम आहे. ब्रेक हे अंदाजाचं काम आहे, थोडा, आणखी थोडा, पुरे. बधिर पावलाकडे अंदाजाचं काम देऊ नये. उजवा पाय गेलेल्याला तीच जुनी बुलेट सोयीची पडू शकेल, तुमच्या मुलाला नाही.

टाच-पंजाची दांडीही जमली नाही तर हँडलवरच्या बटणाने गियर टाकणारी विजेवरची जोडणी करता येते, किंवा बिनगियरची स्कूटर आहेच. माझा सल्ला असा, की सुरुवात स्कूटरनेच करावी, गरज वाटल्यास बाजूची चाकं लावून. तोल, थांबणं आणि गर्दी यांचा सराव झाला की मग गियर.

टेकण्याच्या कामात आपल्या रस्त्यांची एक गोष्ट त्याच्या सोयीची आहे. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डाव्या पायाखालची जमीन खोल असते आणि उजव्या पायाखालची जवळ. त्याने नेहमी उजवा पाय टेकायची सवय लावावी. मात्र तो पाय जमिनीवर असताना मागचा ब्रेक सुटलेला असेल, म्हणजे चढावर गाडी पुढच्या ब्रेकवर धरायची आणि त्याच हाताने एक्सलरेटर द्यायचा. हे कौशल्य वेगळं शिकावं लागतं, आणि मैदानात नाही, छोट्या चढावर.

सीट बसकी हवी. पण त्यासाठी मागचे शॉकअप बदलून गाडी खाली आणू नका. मागची बाजू खाली गेली की हँडल जड होतं, साइड स्टँड लांब पडून उभी गाडी उजवीकडे कलंडते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. सीटवाल्याकडून फोम कमी करून घेणं स्वस्त आणि निर्धोक. फुटरेस्टला खडबडीत रबर लावा, खड्ड्यात पाऊल सरकलं तर त्याला कळणार नाही. आणि पाऊल पट्ट्याने बांधण्याची युक्ती कोणी सांगितली तर ठाम नकार द्या. गाडी पडताना पाय सुटलाच पाहिजे. कृत्रिम पायाच्या घोट्याबद्दल पाय बसवणाऱ्या तंत्रज्ञाशीही बोला. १९६० च्या दशकाअखेरीस रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी घडवलेला जयपूर फूट घोट्यात वाकतो, सगळे कृत्रिम पाय वाकत नाहीत. पुण्यात १९४४ पासून लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, तिथे नागरिकांनाही सेवा मिळते.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठणकावून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पण त्याच दुरुस्तीने तुमच्या मुलासारख्यांसाठी दारही उघडलं. शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी गाडीत बदल करून ती ‘अनुकूलित वाहन’ म्हणून नोंदवता येते आणि नोंदणी अधिकारी त्या बदलाला मान्यता देतात. अट अशी, की ती गाडी मग फक्त त्या व्यक्तीने किंवा तिच्यासाठीच वापरायची. धाकट्या भावाने ती कॉलेजला न्यायची नाही. कायद्याने मान्यता बदलानंतर घेता येत असली, तरी गाडीला पाना लावण्याआधी आरटीओत जाऊन कोणते बदल चालतील हे विचारा. परवान्याचंही तसंच. अपंगत्व लपवू नका. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. लपवलेली गोष्ट उद्या दाव्याच्या वेळी तुमच्याच विरुद्ध उभी राहते. पेडलची उंची, दांडीचं अंतर, सीटचा फोम, फुटरेस्टचं रबर यांनी नोंदणीतला तपशील बदलत नाही, त्यांची धास्ती नको. गियरचं काम हँडलवर नेणं किंवा बाजूची चाकं लावणं याला मात्र मान्यता लागते.

राहिला आईचा विरोध. तो मोडून काढायचा नसतो, त्याच्या अटी करायच्या असतात. जखमेच्या टोकाची कातडी धडधाकट आहे, असं डॉक्टरांनी सांगावं. गुंगी आणणारी दुखण्याची गोळी सुरू असेल तर गाडी बंद. मैदानात ब्रेक, चढावर थांबून सुटणं आणि पडलेली गाडी एकट्याने उभी करणं, ही तीन कामं जमल्याशिवाय रस्ता नाही. पहिले काही महिने दिवसाउजेडी, मागे कोणी न बसवता. आईला यात आणखी काही घालायचं असेल तर घालू द्या. तिच्या अटी तुमच्या-माझ्यापेक्षा कडक असतील आणि मुलगा त्या पाळेलही.

माझी एकच अट त्यात जोडा : पहिला पावसाळा जाऊ द्यावा. ती दोन्ही पाय शाबूत असलेल्या, नव्याने शिकणाऱ्या सगळ्यांनाही लागू आहे.